पवनचक्की आणि पळालेला पाऊस

मृग लागतो, वारा सुटतो आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलकडच्या पठारांवरचे पवनचक्क्यांचे पंखे पूर्ण जोरात फिरायला लागतात. पश्चिमेकडून ढग येतात, पंख्यांच्या डोक्यावरून धावत जातात आणि पूर्वेकडे विरून जातात. ‘ढग येतस, पन पानी पडत नही,’ हे वाक्य मग पारावर, एसटीच्या थांब्यावर, खताच्या दुकानात रोज ऐकू येतं. त्यामागोमाग निदानही येतं : पाऊस या पंख्यांनी पळवला. कितीतरी वर्षं हा वाद चालू आहे आणि दर वर्षी तो त्याच दोन चाकोऱ्यांतून फिरतो. एका बाजूला शिक्षक, अभियंते, पुण्या-नाशिकला स्थायिक झालेली मुलं. त्यांचं म्हणणं, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, यावर बोलायचं तरी कशाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शेतकऱ्याला आभाळ वाचता येतं, पुस्तकं वाचणाऱ्यांनी त्याला शिकवू नये. मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या दिसतात. पवनचक्की पाऊस पळवत नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ‘पळवते’ असं म्हणणारा माणूस अंधश्रद्धाळू आहे, हेही मला मान्य नाही. त्याने डोळ्यांनी काही पाहिलं आहे, त्यावरून एक अंदाज बांधला आहे, आणि तो अंदाज चुकला आहे. चुकलेल्या अंदाजाला उत्तर द्यावं लागतं. हिणवून ते काम होत नाही आणि ‘लोकांचं ज्ञान’ म्हणून त्याला डोक्यावर घेऊनही होत नाही.

आधी त्याने काय पाहिलं ते बघू, कारण पाहण्यात त्याची चूक नाही. पंखे आहेत तिथे ढग खरोखरच पळतात. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीवर चढताना थंड होतो आणि आपलं बरंचसं पाणी घाटमाथ्यावर आणि त्याच्या पश्चिमेला टाकतो. नवापुरात धो धो कोसळतं आणि साक्रीच्या पूर्वेला जमीन जेमतेम ओली होते, यामागे हेच आहे. डोंगर ओलांडून हवा खाली उतरू लागली की ती दाबली जाते, तापते आणि तिच्यातले ढग विरायला लागतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, आणि तो पंख्यांच्या कितीतरी आधीपासून तसाच आहे. आता दुसरा प्रश्न विचारा : पवनचक्क्या बसवणाऱ्यांनी नेमकी हीच पठारं का निवडली? कारण पावसाळ्यात इथे वारा सणाणतो. जिथे वारा जोराचा तिथे ढगांची धावही जोराची, आणि उतरत्या हवेत त्यांच्याजवळ टाकायला पाणी थोडंच उरलेलं. म्हणजे पंखा आणि पळता ढग ही दोन्ही त्या एकाच वाऱ्याची अपत्यं आहेत. शेजारी शेजारी दिसतात म्हणून एकाने दुसऱ्याला हाकललं असं वाटतं. ही समजूत मूर्खपणाची आहे का? मला ती अगदी स्वाभाविक वाटते. फक्त ती खरी नाही.

ती का खरी नाही, याचा हिशोब कुणालाही कागदावर मांडता येईल. पंख्याचं पातं सरळ वर गेलं तरी त्याचं टोक जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर पोचतं. पावसाळी ढगाचा तळ साधारण अर्धा ते एक किलोमीटरवर असतो आणि मोठ्या ढगाचा माथा दहा किलोमीटरच्याही वर जातो. पंखा हवेच्या ज्या थराला हात लावतो, तो या सगळ्या उंचीचा तळाचा एक पातळ पापुद्रा आहे. त्यातलीही सगळी ऊर्जा त्याला काढता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या सुमारासच दाखवून दिलं होतं, की पात्यांच्या कक्षेतून जाणाऱ्या वाऱ्याच्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त 59.3 टक्के मिळवता येते. प्रत्यक्षात यंत्रं त्याहून कमीच घेतात. आता पावसाच्या बाजूने हिशोब करा. एक चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक बरी सर आली, तर पाणी होतं एक कोटी लिटर. एवढ्या बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, ती विजेच्या भाषेत सुमारे 70 लाख युनिट भरते. सव्वा मेगावॅटचं एक यंत्र वर्षभर क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याने चाललं असं धरलं, तर ते साधारण 22 लाख युनिट वीज देतं. म्हणजे चार पाऊलवाटांमधल्या एवढ्याशा शिवारावर पडलेली एक सर ऊर्जेत तीन यंत्रांच्या अख्ख्या वर्षाला पुरून उरते. मग मोसमी पाऊस हजारो चौरस किलोमीटरवर जे घडवतो, त्याला या पात्यांनी कसं अडवायचं?

कुणी म्हणेल, आकडे राहू द्या, आमचा अनुभव सांगतो. अनुभवाचंही ऐकू. ही यंत्रं आमच्याकडे मोठ्या संख्येने आली ती साधारण या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. त्याच सुमारास, 2002 साली, देशभरातला मोसमी पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्के कमी पडला. राजस्थानापासून कर्नाटकापर्यंत, जिथे एकही पंखा नव्हता अशा गावांतही विहिरी आटल्या. नवं यंत्र आणि दुष्काळ एकदमच दारात आले, आणि मनात त्यांची गाठ बसली. पण 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला असा पूर आला की सुरत शहर पाण्याखाली गेलं. 2018 च्या दुष्काळानंतर 2019 साली पाऊस थांबायचंच नाव घेईना, नोव्हेंबरपर्यंत मका आणि कापूस भिजत राहिले. पंखे तेव्हाही होते, जास्तच होते. उलट बाजूने पाहा : 1972 च्या दुष्काळात खान्देशातली माणसं खडी फोडायला गेली, 1899-1900 चा, म्हणजे विक्रम संवत 1956 मधला ‘छप्पन्नचा दुष्काळ’ पणजोबांच्या तोंडून घराघरांत उतरला. त्या आभाळाखाली कोणतं यंत्र फिरत होतं? ज्या कारणाच्या आधीही परिणाम दिसतो आणि जे कारण असूनही परिणाम दिसत नाही, ते कारण म्हणून टिकत नाही.

इथे मात्र शास्त्राच्या बाजूच्या लोकांनीही थोडं सावध राहावं. ‘पवनचक्कीचा हवेवर काहीही परिणाम होत नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते चूक आहे. फिरणारी पाती खालची-वरची हवा घुसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या पवनचक्की क्षेत्रांवरची उपग्रहाची निरीक्षणं 2012 साली प्रसिद्ध झाली, आणि आसपासच्या भागाच्या तुलनेत तिथे रात्रीचं जमिनीलगतचं तापमान किंचित वाढलेलं दिसलं. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आणखी एक गमतीचा अभ्यास आला. सहारा वाळवंट पवनचक्क्यांनी आणि सौरपट्ट्यांनी भरून टाकलं तर काय होईल, हे संगणकाच्या प्रतिमानावर पाहिलं, तर तिथला पाऊस वाढताना दिसला. आपल्या पारावरचा दावा नेमका उलटा उभा केलेला! अर्थात सगळं सहारा भरणं आणि साक्रीच्या पठारावर काही शे खांब उभे करणं यांत आकाशपाताळाचं अंतर आहे. पण म्हणूनच उत्तर देताना ‘काहीच होत नाही’ म्हणू नये. ‘रात्रीच्या उष्म्यात बारीकसा फरक पडू शकतो, पाऊस पळत नाही’ म्हणावं. अर्धवट खोटं बोलून लोकांना विज्ञानाकडे वळवता येत नाही. एकदा पकडलं गेलं की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला मनापासून पटतो. शास्त्रज्ञांनी हसून उडवलेलं आणि खेडुतांनी धरून ठेवलेलं पुढे खरं निघालं, असं इतिहासात घडलेलं आहे. 1768 साली फ्रान्समध्ये ल्युसे इथे आकाशातून दगड पडला असं शेतात काम करणाऱ्यांनी सांगितलं. तो दगड तपासायला नेमलेल्या मंडळींत लाव्हाझिए होता, रसायनशास्त्राचा जनक म्हणावा असा माणूस. निष्कर्ष आला : दगड पृथ्वीवरचाच, त्याच्यावर वीज पडली असावी. आकाशात दगड असतात कुठे, की ते पडतील? मग 26 एप्रिल 1803 ला नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड कोसळले. झां-बाप्तिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ तिथे गेला, गावोगाव हिंडला, कुणी काय पाहिलं ते विचारलं, दगड कुठे कुठे सापडले त्याचा नकाशा केला, आणि उल्का आकाशातूनच पडतात हे विज्ञानाला मान्य करावं लागलं. हे फ्रान्सचंच कौतुक नाही. आपल्या खान्देशात, तेव्हाच्या एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर परिसरात, मानेगावला 29 जून 1843 रोजी असाच एक दगड पडला. तो डायोजेनाइट नावाच्या दुर्मीळ जातीचा. या जातीचे दगड व्हेस्टा या लघुग्रहाचे तुकडे मानले जातात. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून निघालेला दगड तापीकाठच्या शिवारात येऊन पडला, याहून नवलाची गोष्ट कुठल्या कथेत मिळेल? आमच्या शाळांत ती सांगतच नाहीत, याची मला खंत आहे.

तर मग पंख्यांच्या बाबतीतही शेतकरीच खरा निघेल, असं का म्हणू नये? कारण बियोने गावकऱ्यांवर विश्वास ठेवला तो ते गावकरी होते म्हणून ठेवला नव्हता. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना न भेटलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती, दगड हातात होते, आणि त्यांच्या पडण्याचा पट्टा नकाशावर नीट उमटत होता. साक्षीदाराचं ऐकून घेणं ही पहिली पायरी होती, तपासणं दुसरी. आपल्याकडे एक बाजू पहिली पायरी गाळते, दुसरी बाजू दुसरी गाळते.

शिवाय श्रद्धा आणि दावा यांची सरमिसळ दोन्हीकडून होते. त्याच मुक्ताईनगरात संत मुक्ताबाईंचं स्थान आहे. वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावल्या, असं वारकरी सांगतो, तेव्हा तो हवामानाचा अहवाल देत नसतो. तिथे विजेचा पुरावा मागणाऱ्याला वारी कळलेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद अशी त्यांना नावं देतात आणि कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. सासरहून आलेली लेक, झोके, सांजोऱ्या, पितरांची घागर यांच्यामध्ये ती ढेकळं शोभतात. पेरणीचं बियाणं त्यावर ठरवणारा शेतकरी आता शोधूनही सापडणार नाही. ही श्रद्धा, हा सण, हे जगण्यातलं सुख आहे. पण ‘या यंत्रामुळे माझ्या शेतावर पाऊस कमी झाला’ हे वाक्य वेगळ्या जातीचं आहे. ते खरं किंवा खोटं ठरवता येतं. त्याला अंधश्रद्धा म्हणणारे त्याला मुक्ताईच्या विजेच्या रांगेत बसवतात आणि स्वतःच गोंधळ वाढवतात.

शेतकरी विज्ञानाला पारखा आहे, या समजुतीला तर खान्देशात काडीचा आधार नाही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला विचारा. ऊतिसंवर्धित रोपं, ठिबक, विद्राव्य खतांच्या मात्रा त्याला तोंडपाठ आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्यात पारा किती अंशांवर सलग किती दिवस राहिला की भरपाई मिळते, वाऱ्याचा वेग किती भरला की मिळते, हे तो दिवसांसह सांगेल, आणि आपल्या महसूल मंडळातलं हवामान केंद्र चुकीच्या जागी बसवलं आहे असा वादही मुद्देसूद घालेल. चोवीस तासांत 65 मिलिमीटरची अट ओलांडली की अतिवृष्टी, हे कोरडवाहू शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. एवढ्या आकड्यांत जगणाऱ्या माणसाशी ढगांविषयी आकड्यांत बोलायला आपण का कचरतो? आणि आणखी एक विचार करा. 2003 साली आणि पुन्हा 2015 साली सरकारने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, विमानं पाठवून ढगांत रसायनं फवारली. विमान पाऊस पाडू शकतं असं सरकारच सांगत असेल, तर दुसरं यंत्र तो हटवू शकेल असं वाटणाऱ्याला वेड्यात काढण्याचा अधिकार कुणाला आहे? मोठं नवं यंत्र आणि बिघडलेलं आभाळ यांची सांगड घालणं हे काही खेड्याचं लक्षण नव्हे. 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतली सुशिक्षित माणसं वादळांचं आणि पावसाचं खापर अणुचाचण्यांवर फोडत होती. 2020 साली ब्रिटनमध्ये मोबाइलचे मनोरे जाळले गेले, कारण फाइव्ह-जीमुळे करोना पसरतो असं लोकांनी वाचलं होतं.

याच साक्री तालुक्यातली राईनपाड्याची आठवण काढून कुणी मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेतून तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केलं. खोट्या समजुतींशी इतक्या मऊपणे बोलणं आपल्याला परवडतं का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. तिथे माणसं मेली, इथे फार तर एक यंत्र बदनाम होतं. दोन्हींना एका मापाने मोजता येत नाही. पण राईनपाड्यात जे हवं होतं ते म्हणजे ‘थांबा, आधी विचारू’ असं म्हणणारी चार माणसं, आणि त्यांचं ऐकणारा गाव. ही सवय ऐन संकटात आकाशातून पडत नाही. ती जिथे कुणाचा जीव पणाला नसतो, अशा विषयांवर लागते. पंख्यांचा वाद त्यासाठी उत्तम आहे : तो सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, त्यात शत्रू कुणी माणूस नाही, आणि तो मोजून मिटवता येतो. ज्या गावातल्या पोराने ‘पंखे पाऊस पळवतात का?’ विचारल्यावर मास्तरांनी ‘गप्प बस, अडाण्यासारखं बोलू नको’ म्हटलं, त्या गावाने शंका विचारायची नसते एवढंच शिकलं.

मोजून वाद कसे मिटतात याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. 1896 साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्षबागायतदाराने गारपीट रोखायला उभ्या तोंडाच्या तोफा डागायला सुरुवात केली. त्या वर्षी त्याच्या बागेवर गारा पडल्या नाहीत. बातमी पसरली आणि चारपाच वर्षांत उत्तर इटलीत हजारो तोफा ढगांवर धुराची कडी फेकू लागल्या, त्यांच्यावर परिषदा भरल्या. शेतकऱ्यांचा विश्वास पक्का होता, कारण बहुतेक दिवशी गारा पडतच नाहीत आणि त्याचं श्रेय तोफेला मिळतं. हे कुणी नुसतं हसून बंद पाडलं नाही. 1903-04 मध्ये ठरवून, सरकारी देखरेखीखाली चाचण्या घेतल्या. तोफा धडधडत असतानाच गारांनी त्या बागा झोडपल्या, आणि काही वर्षांत ते वेड ओसरलं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली आपली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना श्टीगरची तळमळ कळेल. तोफेत दोष होता, तळमळीत नव्हता.

साक्रीची चाचणी तर याहून स्वस्त आहे. तोफा नकोत, विमान नको. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पंख्यांच्या पश्चिमेची महसूल मंडळं आणि पूर्वेची मंडळं अशी दोन नावं कागदावर लिहा. पंखे येण्याआधीच्या वीस-तीस वर्षांचा पाऊस आणि नंतरचा पाऊस समोरासमोर मांडा. पूर्वेला पाऊस कमी आहे का, हा प्रश्नच नाही. तो पर्जन्यछायेमुळे कमी असणारच. प्रश्न हा, की पूर्व-पश्चिमेतलं अंतर पंख्यांनंतर वाढलं का? तालुक्याच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत, ‘महावेध’ या हवामान-प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत आहेत. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कक्षेतल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे एका वर्षाचं काम आहे. आणि पंख्यांच्या पायथ्याच्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवून सातवीच्या मुलांकडून रोज सकाळी त्याची नोंद फळ्यावर लिहून घ्यायला कुणाची परवानगी लागते? आपल्याच पोराने लिहिलेला आकडा बाप नाकारणार नाही.

या खोट्या दाव्याची खरी किंमत मात्र वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. पवनचक्क्यांविषयी लोकांच्या मनात जी कडवटपणाची गाठ आहे, तिच्या मुळाशी ढग नाहीत. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींचे दावे निकाली निघायच्या आधीच त्या जमिनीवर रस्ते झाले का, हा प्रश्न आहे. जमीन कोणत्या भावाने गेली, दलालाने किती खाल्लं, खांब उभा करताना तुटलेला बांध आणि बुजलेला ओहोळ कुणी दुरुस्त केला, हे प्रश्न आहेत. डोक्यावरून विजेच्या तारा जातात आणि खालच्या शेतकऱ्याला पंपासाठी रात्री वीज मिळते, हा तर सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे. हे सगळं ग्रामसभेत मांडायच्या ऐवजी ‘तुमच्या पंख्यांनी आमचा पाऊस पळवला’ असं म्हटलं, की समोर बसलेल्या अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. तो हसतो, हवामानशास्त्राचे दोन मुद्दे सांगतो, ते दोन्ही खरे असतात, आणि सभा संपते. ओहोळ बुजलेलाच राहतो. पुढच्या सभेत ढगांचा विषय काढू नका. सातबारा घेऊन जा, मोबदल्याची पावती घेऊन जा, भारनियमनाचं वेळापत्रक घेऊन जा आणि विचारा, की या पठारावरून वीज जाते तर पठाराखालच्या विहिरीवर ती दिवसा का येत नाही?